बी विंग ग्रुप : लिफ्टचा अकरावा दिवस

मेधा ४०४ (सकाळी ७:१२)
सुप्रभात. लिफ्ट बंद होऊन आज अकरावा दिवस. 'दोन दिवसांत होतंय' असं सेक्रेटरींनी गेल्या सोमवारी लिहिलं होतं, मेसेज वर आहेच. परवा शुक्रवारी मला हॉस्पिटलमध्ये जायचंय. माझ्या दारापासून खालपर्यंत ७२ पायऱ्या आहेत, मोजल्यात. कशा उतरू ते कमिटीने सांगावं.

शिरीष २०३, खजिनदार (७:३०)
नमस्कार. लिफ्टच्या कामाची वर्गणी ६ फ्लॅटची बाकी आहे. कृपया आजच भरावी 🙏

नितीन ३०१ (७:४१)
अकरा दिवसांत माझं दोन किलो वजन उतरलं. लिफ्टवाल्याचा सत्कार करूया 😄

सेक्रेटरी ३०२ (७:५५)
मेधाताई, गैरसोयीची कल्पना आहे. पार्ट आला की लगेच बसवतील. सहकार्य करावे.

मेधा ४०४ (७:५८)
अकरा दिवस सहकार्यच चाललंय सर.

बापट काका ००२ (८:०४)
तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का भरायचे, हा मुद्दा मी एजीएममध्ये मांडला होता. मिनिट्समध्ये आलाच नाही.

प्राची ५०२ (८:०९)
काका, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा भरायचा असतो. वापरा अगर वापरू नका. दर वर्षी सांगून झालंय.

बापट काका ००२ (८:१०)
दर वर्षी सांगता. दर वर्षी पटत नाही.

शिरीष २०३, खजिनदार (८:१२)
६ फ्लॅटची बाकी आहे 🙏

वैशाली २०४ (८:२०)
मेधाताई, पाठीत उसण भरली होती ना तुमच्या? दिवाळीत ऐकलं होतं. अजून गेली नाही? माझ्या बहिणीला एक जण फार छान चोळून देतो. नंबर पाठवू का?

मेधा ४०४ (८:३६)
वैशाली, नंबर नको. आणि पाठ न तपासता दुसऱ्या कोणालाही देऊ नकोस, मनापासून सांगतेय.
उसण नव्हतीच ती. टँकर आला त्या दिवशी भरलेली बादली उचलून बाल्कनीत ठेवली आणि कमरेच्या जरा वर काहीतरी कच्चकन दबलं. तीन आठवडे शेक, मलम, पट्टा. घरचे म्हणत होते उसण, मीही म्हणत होते उसण. खोकला आला तरी डोळ्यांत पाणी यायचं तेव्हा एकदाचा एक्स-रे काढला. पाठीचा बारावा मणका आणि त्याखालचा कमरेचा पहिला, दोन्ही पुढच्या बाजूने दबलेत, पाचरीसारखे. मग एमआरआय, कारण असा मणका दबला की टीबी किंवा गाठ नाही ना हे आधी बघतात. ते नव्हतं. मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे ३.१. उणे अडीच किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.
मी ५३ वर्षांची आहे. पाळी ४६व्या वर्षी गेली. तेव्हा 'सुटले एकदाची' एवढंच वाटलं होतं. हाडांचं काही असतं हे मला कोणी सांगितलं नाही.

देशमुख काकू ५०१ (८:४१)
मेधा, हे सगळं महिलांच्या ग्रुपवर टाक गं. इथे पुरुष मंडळी आहेत.

वैशाली २०४ (८:४३)
त्यात काय एवढं काकू?

देशमुख काकू ५०१ (८:४४)
तुम्हाला नसेल काही वाटत. आमच्याकडे अशा गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत.

वैशाली २०४ (८:४५)
'तुम्हाला' म्हणजे कोणाला काकू? मी साधं विचारलं.

नितीन ३०१ (८:४६)
गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? शाळेची बस अडकलीय.

मेधा ४०४ (८:५२)
काकू, तुमचा मान ठेवून सांगते. महिलांच्या ग्रुपवर लिफ्टचा निर्णय होत नाही. कमिटीत सातपैकी सहा पुरुष आहेत. गुडघा दुखतो म्हटलं की इथे सगळे हळहळतात, मग पाळी गेल्यामुळे मणका मोडला म्हटलं की ग्रुप का बदलायचा? ज्यांना वाचायला संकोच वाटतो त्यांच्याही घरात चाळिशी-पन्नाशीची बाई आहे.

लता ४०१ (९:०५)
मेधाचं बरोबर आहे. ३४ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलीत मी, म्हणून दोन शब्द लिहिते. हाड म्हणजे लाकडाचा ओंडका नव्हे. ते रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन आवरून धरतं. पाळी जाते तसा हा लगाम सुटतो आणि भरणं मागे पडतं. पुढच्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडाची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं, म्हणून पहिला फटका बहुधा तिथेच. त्यासाठी जिन्यावरून पडावं लागत नाही, बादली पुरते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ला जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, म्हणजे आपली झीजही लवकर सुरू.

देशमुख काकू ५०१ (९:११)
डिंकाचे लाडू, नाचणी, खसखस. आम्ही कधी गोळ्या घेतल्या नाहीत. वय झालं की बाई थोडी वाकतेच.

लता ४०१ (९:१८)
नाचणी उत्तमच काकू. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण या वयात दिवसाला हजार-बाराशे लागतं, आणि ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. शिवाय एकदा मणका मोडला की नुसत्या खाण्यावर भागत नाही, औषध लागतं. आणि राग मानू नका, वाकणं नुसतं वयाचं नसतं. आपण राहायला आलो तेव्हा तुम्ही माझ्याएवढ्या होतात. आता माझ्या खांद्याला लागता. दोन तृतीयांश मोडलेले मणके माणसाला कळतही नाहीत, नुसती उंची कमी होते आणि पोक येतं. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच कमी झालं तर एक्स-रे काढावा.

शिरीष २०३, खजिनदार (९:२०)
सर्वांच्या माहितीसाठी. ६ फ्लॅटची बाकी आहे 🙏

प्राची ५०२ (९:२१)
शिरीषदादा, वाचलं सगळ्यांनी.

शिरीष २०३, खजिनदार (९:२२)
वाचून पैसे जमा होत नाहीत.

मेधा ४०४ (९:४०)
लताताई, उंचीवरून आठवलं. एक्स-रेच्या आधी वर्षभर माझ्या साड्यांचा फॉल जमिनीला घासून काळा होत होता. परकर तेच, नेसणं तेच. मला वाटलं नीट नेसली जात नाही. प्रत्यक्षात मीच ४ सेंटिमीटरने कमी झाले होते.
आणि नितीन, सत्काराचं वाचलं. मी सकाळी कशी उठते ते सांगते. आधी आख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, लाटणं फिरवतात तसं, कंबर पिळायची नाही. मग पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन वर यायचं. बेसिनवर वाकून चूळ भरता येत नाही, उभ्यानेच पेल्यात टाकते. ओट्याखालचा कुकर हवा असेल तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत बसायचं. पुढे वाकणं बंद, कारण दबलेल्या मणक्यावर सगळा भार पुढून येतो. रोज रात्री पोटात तेरिपॅराटाइडचं, म्हणजे हाड भरून काढणाऱ्या औषधाचं, इंजेक्शनचं पेन टोचून घेते, २० मायक्रोग्रॅम, दोन वर्षांपर्यंत. ते संपल्यावर दुसरं औषध लगेच सुरू करायचं, नाहीतर भरलेलं हाड पुन्हा उतरतं.
हळूहळू जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. मला भीती पडण्याची आहे. तिसऱ्या मजल्याचा कठडा हलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला दिवा दसऱ्यापासून गेलाय. एक मणका मोडलेल्या आणि औषध न घेणाऱ्या बायकांत साधारण पाचातल्या एकीचा दुसरा मणका वर्षभरात मोडतो. मी औषध घेते. पण अंधारात पाय चुकला तर इंजेक्शन काय करणार?

नितीन ३०१ (९:४४)
मेधाताई, माफ करा. खरंच कल्पना नव्हती.

प्राची ५०२ (९:५१)
औषध मध्येच सोडू नये हे मीही सांगते. माझ्या सासूबाईंना डेनोसुमॅबचं, हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन होतं, दर ६ महिन्यांनी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये एक डोस गेला, 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणून आम्हीही निवांत. त्या इंजेक्शनचा असर उतरला की हाड झपाट्याने झिजतं, हे नंतर कळलं. वर्षाच्या आत तीन मणके. अजून मनाला लागतं ते.

बापट काका ००२ (९:५३)
पांढरी गाडी माझ्या पाहुण्यांची होती. हलवली. 'बस अडकलीय' असं ग्रुपवर ओरडण्यापेक्षा बेल वाजवावी.

नितीन ३०१ (९:५४)
दोनदा वाजवली काका.

लता ४०१ (१०:१०)
अजून एक, आणि हे तिला विचारून लिहितेय. आपला जिना पुसायला येणारी मंगल ३८ वर्षांची आहे. गाव बीड जिल्ह्यात, आधी ऊसतोडीला जायची. तिचं गर्भाशय तिशीतच काढलं, अंडाशयांसकट. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवर २०१९मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. नुसतं गर्भाशय काढलं तर अंडाशयं काम करत राहतात. अंडाशयं गेली की पाळी त्याच दिवशी कायमची जाते आणि हाडांची झीज तिथूनच सुरू. म्हणजे ५३च्या मेधाची ७ वर्षं झाली, ३८च्या मंगलचीही जवळपास तेवढीच. लिफ्ट बंद झाल्यापासून ती खालच्या नळावरून पाचव्यापर्यंत दोन-दोन बादल्या नेते. तिची कंबर दुखते, आणि आपण तिला सांगतो की जिना नीट पुसला जात नाही.

वैशाली २०४ (१०:१४)
ते मीच म्हटलं होतं परवा. आजपासून माझ्या घरून पाणी घे म्हणते तिला. वरच्यांनी आपापल्या मजल्यावर द्यावं.

प्राची ५०२ (१०:१५)
पाचव्यावर मी देते.

सेक्रेटरी ३०२ (१०:२२)
लिफ्टवाल्यांशी आत्ता बोललो. ५० टक्के ॲडव्हान्स मिळाल्याशिवाय पार्ट पाठवणार नाहीत.

मेधा ४०४ (१०:२३)
म्हणजे पार्ट येतच नव्हता. हे अकरा दिवसांत आम्हाला का सांगितलं नाही?

सेक्रेटरी ३०२ (१०:२९)
चुकलं. सांगायला हवं होतं.

नितीन ३०१ (१०:३३)
जिन्यातला दिवा बसवला आत्ता. कठड्याचा वेल्डर संध्याकाळी येतोय. मेधाताई, शुक्रवारी किती वाजता? मी एक पायरी खाली राहतो, तुम्ही मागून या. घाई नाही.

मेधा ४०४ (१०:३५)
साडेनऊला. रिक्षा नको हं, स्पीडब्रेकरवर जीव जातो. कार मिळाली तर बरं.

बापट काका ००२ (१०:४०)
गाडी माझी घ्या. हळू चालवतो मी. आणि माझ्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, एक तिसऱ्याच्या आणि एक पहिल्याच्या वळणावर ठेवून घ्या. टेकत टेकत उतरा. तळमजल्याच्या वर्गणीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

शिरीष २०३, खजिनदार (११:०२)
५ फ्लॅटची बाकी आहे 🙏

देशमुख काकू ५०१ (दुपारी १:१७)
मेधा, ती हाडांची तपासणी कुठे केलीस? उपाशीपोटी जावं लागतं का?

मेधा ४०४ (१:१९)
नाही काकू, जेवून गेलात तरी चालतं. फक्त आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही. शुक्रवारी माझ्याबरोबरच चला ना, त्याच इमारतीत आहे.

देशमुख काकू ५०१ (१:२६)
मी पाचव्यावर गं. ९० पायऱ्या. लिफ्ट सुरू झाली की येते.