सबनॉटिकाच्या समुद्राला वादळ हवं होतं का?

निळीरेघ (धागाकर्ता)

सबनॉटिका हा समुद्राखाली तग धरायचा गेम दुसऱ्यांदा पूर्ण केला आणि लगेच त्याच्या पुढच्या भागाला, 'बिलो झीरो'ला हात घातला. दोन्ही गेम अननोन वर्ल्ड्सचे, पहिला जानेवारी २०१८चा, दुसरा मे २०२१चा. ग्रह तोच, समुद्राने व्यापलेला ४५४६बी. दुसऱ्यात त्यांनी हवामान आणलं: हिमवादळं, गारा, धुकं आणि अंगातली ऊब किती उरली ते दाखवणारा मीटर. या भरीचं कौतुक बरंच ऐकलं. मला मात्र वाटतं, पहिल्या गेममध्ये पाऊस-वादळ नव्हतं म्हणूनच त्याचा समुद्र इतका खोल उतरला मनात.

लाइफपॉडचं, म्हणजे जीव वाचवणाऱ्या छोट्या यानाचं, झाकण उघडून पहिल्यांदा वर येता तेव्हा काय दिसतं? लांबवर जळणारं आपलं कोसळलेलं अंतराळजहाज, अरोरा, आणि चहूकडे पाणी. बस्स. तासाभरात कळतं की वर बघण्यासारखं फार नाही, ऋतू सगळे खाली आहेत. सुरुवातीच्या उथळ भागात, सेफ शॅलोजमध्ये, ऊन तळाच्या वाळूवर नाचतं. थोडं पुढे केल्प फॉरेस्टमध्ये, उंच समुद्री शेवाळाच्या रानात, पाणी हिरवट होतं आणि नजर पोचेनाशी होते. रिब्रीदर (ऑक्सिजन वाचवणारा मुखवटा) नसेल तर शंभर मीटरखाली ऑक्सिजन भराभर संपतो. सीमॉथ ही छोटी पाणबुडी सुधारून घेतली नसेल तर २०० मीटरनंतर तिचं कवच दबायला लागतं. ब्लड केल्प या खोल भागात भर दुपारी रात्र. आणि अगदी तळाशी लाव्हाचा प्रदेश, जिथे पाण्याचं तापमान बघूनच पुढे जायचं की नाही ते ठरवावं लागतं. उजेड, दाब, उष्णता, हेच त्या समुद्राचं हवामान. वरून पाऊस पाडून त्यात काय भर पडली असती?

खाडीकाठ

बरीच भर पडली असती. मी मालवणच्या बाजूचा, लहानपण होडीच्या आसपास गेलेलं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय घरातली जुनी माणसं होडी लोटत नाहीत. समुद्र आज काय म्हणतो यावर घरातलं जेवण ठरतं. असा समुद्र बघितलेल्या माणसाला रोज एकसारखी पाण्याची चादर दाखवली की ते तळं वाटतं, कितीही खोल असलं तरी.

एकच उदाहरण देतो. ४५४६बीच्या आकाशात केवढा मोठा चंद्र आहे! त्याचं ग्रहणही लागतं, दिवसा अंधारून येतं, ते दृश्य मलाही आवडलं. पण एवढा चंद्र डोक्यावर असून भरती-ओहोटी नाही. पाण्याची रेषा कायम तिथल्या तिथे. भरती असती तर बेटाच्या कडेच्या एखाद्या गुहेत शिरायची वेळ साधावी लागली असती, आणि ओहोटीला आत अडकायची भीती वेगळीच. खेळाडूला पाण्याचं घड्याळ शिकावं लागलं असतं.

पाणबुडी_पुणे

मी सुट्टीत स्कूबा करते, त्या अनुभवावरून दोघांच्या मध्ये बोलते.

लाटेची हालचाल खाली जाताना लवकर विरते. तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत ती जाणवते, त्याखाली जवळजवळ नाही. म्हणजे दोन शिखरांमध्ये १०० मीटर अंतर असलेली दांडगी लाट घेतली तरी ५० मीटरखाली तिचं काही उरत नाही. तेव्हा ग्रँड रीफसारख्या खोल भागात वादळ कळू नये हे बरोबरच. पण सेफ शॅलोज? तिथे अंग पुढे-मागे ढकललं जायला हवं, गाळ उठायला हवा. मालवणला डायव्हिंग साधारण ऑक्टोबर ते मे चालतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी एवढं गढूळ की मास्कसमोर धरलेला स्वतःचा हातही नीट दिसू नये.

निळीरेघ, तुम्ही हवामान खाली आहे म्हणता ते पटतं. पण खऱ्या समुद्रात वरचं हवामान खालच्यात उतरतं, निदान उथळ भागात. दोन्ही तुटक असणं हीच गेमची उणीव.

निळीरेघ

लाटेचा मुद्दा मला नवीन होता, आभार. पण विचार करा, सेफ शॅलोज उथळ आणि स्वच्छ ठेवण्यामागे हेतू आहे. नवखा माणूस तिथे शिकतो: ब्रेन कोरलच्या बुडबुड्यांतून श्वास मिळतो, मासा कसा पकडायचा, टाकी किती पुरते. सुरुवातीला जेमतेम ४५ सेकंदांचा दम असतो हो! त्यात पाणी गढूळ केलं तर शिकायचं कुठे?

आणि खाडीकाठ, रोज एकसारखं म्हणता, पण अरोराचा स्फोट विसरलात. काही दिवसांनी ती फुटते आणि आसपास किरणोत्सर्ग पसरतो, खास सूट घातल्याशिवाय जवळ जाता येत नाही. आपण आत जाऊन गळती बुजवेपर्यंत तो भाग बंद. हे संकट एकदाच येतं म्हणून लक्षात राहतं. दर तिसऱ्या दिवशी वादळ आलं असतं तर माणूस स्वतः बांधलेल्या तळावर (बेसवर) बसून ते सरायची वाट बघत राहिला असता.

खाडीकाठ

बसू दे की वाट बघत. जून-जुलैत आमच्याकडे तेच करतात, जाळी विणतात, होडीला रंग देतात. तळावर वादळात अडकल्यावर करण्यासारखं काम गेममध्येही भरपूर आहे. शिवाय सोलर पॅनल बघा. दिवस-रात्रीचं चक्र २० मिनिटांचं, म्हणजे रात्र झाली तरी थोड्याच वेळात ऊन परत येतं. दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं तर? मग गरम झऱ्याजवळ थर्मल प्लांट (उष्णतेपासून वीज करणारं यंत्र) उभारायची खरी गरज भासेल, खोल जाण्याचं कारण मिळेल. हवामान नुसतं बघायला नको, त्याने निर्णय बदलायला हवा.

हिमकण

बिलो झीरोच्या बाजूने कोणीच नाही म्हणून लिहितोय. ग्लेशियल बेसिनमध्ये पहिल्यांदा हिमवादळात सापडलो ती संध्याकाळ विसरणार नाही. समोरचं काही दिसेना, ऊब उतरत चाललेली, आलेली वाट कुठली तेच कळेना. मग एक थर्मल लिली दिसली आणि तिच्याजवळ उभा राहून अंग शेकलं. एका वनस्पतीबद्दल एवढी कृतज्ञता मला कुठल्याच गेममध्ये वाटली नव्हती. खाडीकाठ म्हणतात तो निर्णय इथे दर मिनिटाला घ्यावा लागतो: पुढे जाऊ की परत फिरू?

पाणबुडी_पुणे

हिमकण, ते दृश्य मलाही भिडलं. पण त्यातली विसंगती मला सहन होत नाही. जमिनीवर गारठून मरायला टेकता आणि बर्फाच्या समुद्रात उडी मारली की ऊब परत येते! पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पटींनी वेगाने खेचतं. ध्रुवाजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. डायव्हिंग सूट आहे म्हणावं तर तोच सूट जमिनीवर का पुरत नाही? समुद्राच्या गेममध्ये समुद्रालाच आसरा करून टाकलं आणि भीती सगळी काठावर नेऊन ठेवली.

निळीरेघ

हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमक्या शब्दांत मांडलंत. हवामान आलं आणि खेळाडूचं लक्ष पाण्यावरून उठून बर्फावर गेलं. त्यात दुसऱ्या गेमचा नकाशा लहान, पाणीही तेवढं खोल नाही.

सांजवात

मी एरवी फक्त वाचते, पण इथे लिहावंसं वाटलं. मला खोल पाण्याची लहानपणापासून भीती आहे. विहिरीत वाकून बघायलाही नको वाटतं. सबनॉटिका मी धाकट्या भावासोबत खेळले, कंट्रोलर माझ्या हातात आणि तो शेजारी. रीपर लेव्हायथन या महाकाय शिकारी प्राण्याचा आवाज आला की मी सरळ वर यायचे. वर शांत पाणी, तांबडं आकाश, सीमॉथच्या टपावर उभं राहून दम घ्यायचा, मग पुन्हा खाली. ती शांत जागा नसती तर मी तो गेम दुसऱ्या दिवशीच सोडला असता. खाली एवढी दहशत असताना वरही वादळ ठेवलं तर माझ्यासारखीने जायचं कुठे?

खाडीकाठ

सांजवात, तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. याचा विचार मी केला नव्हता. माझे आजोबा आयुष्यभर दर्यावर होते, त्यांनाही किनारा दिसला की हायसं वाटायचं, आणि या गेममध्ये किनारा म्हणजे तो पृष्ठभागच.

वादळाची मागणी मागे घेतो. भरती-ओहोटीची नाही घेत! ती कोणाला घाबरवत नाही, आणि तो चंद्र तिथे आहेच. तुमच्या शांत पाण्याला फक्त सावकाश वर-खाली होऊ दे.

सांजवात

ते चालेल मला. फ्लोटिंग आयलंडचं काय मग? ते तर पाण्यावर तरंगतंय, ते भरतीबरोबर वर येणार ना?

पाणबुडी_पुणे

येणार! खालचे फ्लोटर, म्हणजे तरंगणारे जीव, त्याला धरून आहेत, ते पाण्याबरोबरच उचलले जातील. तळाला टेकलेल्या डोंगराच्या बेटाचा काठ मात्र बुडेल. कुठलं बेट तरंगतं आणि कुठलं रोवलेलं आहे, हे खेळाडूला नुसत्या भरतीवरून ओळखता येईल.