मदत हवी आहे: गाड्यांच्या वायरिंग डायग्राम ऑनलाइन द्यायच्या आहेत, आणि घरी राईट केलेल्या डीव्हीडी सगळ्या प्लेअरवर चालत नाहीत

तारजुळणी

नमस्कार. ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी साहित्य तयार करायचं आहे. मारुती ८०० च्या (कार्बोरेटर आणि एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने इंधन देणारी, दोन्ही) आणि काही दुचाकींच्या वायरिंग डायग्राम स्कॅन करून ऑनलाइन ठेवायच्या आहेत. स्टार्टर, अल्टरनेटर आणि रिले तपासणीचे मिळून दीड तासाचे व्हिडिओ डीव्हीडीवर द्यायचे आहेत, कारण वर्ग भरतात तिथे टीव्हीला जोडलेले साधे डीव्हीडी प्लेअर आहेत आणि नेटचा भरवसा नाही.

अडचणी अशा:
– फोनवर घेतलेल्या एमपी४ फाइल तशाच राईट केल्या. संगणकावर चालतात, प्लेअर 'अनसपोर्टेड' म्हणतो.
– एका जुन्या प्लेअरवर 'नो डिस्क' येतं. ती डिस्क आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) आहे.
– डीव्हीडी स्टायलर या सॉफ्टवेअरमधून बनवलेली डिस्क सुरू होते, पण शेवटच्या भागात अडखळते. डिस्क काठोकाठ भरली होती, लिहिण्याचा वेग १६एक्स.
– त्याच डीव्हीडीत डायग्राम स्लाइड म्हणून टाकल्या, तर टीव्हीवर तारांचे रंग वाचताच येत नाहीत.

कुठून सुरुवात करावी?

चकती_तपासनीस

चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. डायग्रामचं रिले_८७ सांगतीलच, मी डिस्कचं बघतो.

'अनसपोर्टेड': साध्या प्लेअरला एमपी४ कळत नाही, त्याला डीव्हीडी-व्हिडिओच्या स्वरूपातली डिस्क लागते. म्हणजे एमपेग-२ चित्र, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्झ. डीव्हीडी स्टायलर हे सगळं करून व्हिडिओ_टीएस फोल्डर बनवतो. फोनचं चित्रण मात्र बहुधा बदलत्या फ्रेमरेटचं असतं. ते थेट टाकलं तर पुढे पुढे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', २५ निवडून फाइल काढा आणि मगच स्टायलरला द्या.

'नो डिस्क': आरडब्ल्यू चकती लेसरचा जेमतेम १८ ते ३० टक्के प्रकाश परत पाठवते. एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर ४५ टक्क्यांच्या वर असते, छापील डिस्कच्या जवळपास. लेन्स थकलेला जुना प्लेअर आरडब्ल्यूला डिस्क म्हणून ओळखतच नाही. वाटण्यासाठी डीव्हीडी-आर घ्या. हाताशी डीव्हीडी+आर असेल आणि तुमच्या रायटरमध्ये सोय असेल, तर इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बुकटाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) 'डीव्हीडी-रॉम' करून मग लिहा; बरेच अडेल प्लेअर तेवढ्याने नमतात. डिस्क फायनलाइज, म्हणजे लिखाण पूर्ण करून बंद, झालीच पाहिजे. 'नंतर आणखी भरू' म्हणून सेशन उघडं ठेवलं तर साधा प्लेअर ती वाचणार नाही.

शेवटी अडखळणं: डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. १६एक्सचा खरा वेग बाहेरच्या कडेलाच गाठला जातो आणि लिखाणाचा दर्जाही तिथेच घसरतो. चकतीची डगमग तिथे सर्वांत जास्त, रंगद्रव्याचा थरही तिथेच असमान असण्याची शक्यता. त्यामुळे १६एक्सच्या चकतीवर ८एक्सने लिहा. फार खाली, २एक्सवर जाऊ नका. आजच्या चकत्यांचा थर त्या वेगासाठी बनवलेला नसतो आणि चुका उलट वाढू शकतात.

आणि डिस्क काठोकाठ भरू नका. पाकिटावरचे ४.७ जीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीत सुमारे ४.३८. त्यातले ४ वापरा. ४ जीबी म्हणजे सुमारे ३,४३६ कोटी बिट. दीड तासाचे ५,४०० सेकंद. भागाकार सेकंदाला सुमारे ६,३६० किलोबिट. आवाजाचे १९२ आणि मेनू-पॅकिंगसाठी थोडी जागा सोडून व्हिडिओला ५,८०० द्या. नियमाने व्हिडिओला ९,८०० पर्यंत मुभा आहे, पण घरी लिहिलेल्या डिस्कवर जुन्या प्लेअरला तेवढा ओघ झेपत नाही. ८,००० च्या वर जाऊच नका.

कागदी स्टिकर लावत असाल तर आजच थांबवा. चकतीचा तोल जातो, उष्णतेने कागद आक्रसतो आणि चकती वाकते. कारच्या स्टिरिओत तर स्टिकर सुटून डिस्क आत अडकते. मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्याजवळ नाव लिहा, बॉलपेन नको.

रिले_८७

डायग्रामसाठी डीव्हीडी-व्हिडिओ हे माध्यमच चुकीचं आहे. ५७६ ओळींच्या चित्रात एक पिक्सेल जाडीची तार दिसते न दिसते, इंटरलेसमुळे (ओळी एकाआड एक दाखवल्यामुळे) ती लुकलुकते, कडेचा भाग टीव्हीच्या चौकटीबाहेर जातो. एका पडद्यावर एकच सर्किट, जाड रेषा आणि मोठी अक्षरं, एवढंच टिकेल. मूळ डायग्राम पीडीएफमध्ये, वेगळ्या डेटा डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर द्या.

स्कॅन करताना निदान ३०० डीपीआय, बारीक अक्षरांना ६००. जतन पीएनजीमध्ये. जेपेग रेषेच्या कडेला धुरकट डाग आणतो, मग काळा-पांढरा आणि काळा-पिवळा पट्टा सारखाच दिसतो. कागद स्कॅनरपेक्षा मोठा असेल तर तुकड्यांत करा, पण दोन तुकड्यांत तीनेक सेंटिमीटर सामाईक भाग ठेवा आणि जोड कपलरवरून (तारा जोडणाऱ्या प्लगवरून) जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली डायग्राम आकसते आणि तार नंबर गळतात.

फाइलचं नाव असं, की गाडी समोर उभी असताना वायरमन चुकणार नाही: गाडी, इंधन प्रणाली, वर्ष, सर्किट. मारुती ८०० मध्ये हे विशेष महत्त्वाचं. कार्बोरेटरच्या गाडीत नसलेले ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), मेन रिले आणि पंप रिले एमपीएफआयमध्ये येतात. चुकीचं पान हातात पडलं तर मुलगा तासभर नसलेली तार शोधत बसेल.

सगळ्यात धोक्याची जागा रंगांची अक्षरं. टोयोटाच्या डायग्रामवर निळा 'एल' असतो, जुन्या ब्रिटिश पद्धतीत निळा 'यू' आणि तपकिरी 'एन'. जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थची (बॅटरीच्या मायनसची) तार, तर आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत अर्थची तार काळी. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर त्याच कंपनीची रंगसूची हवी. टर्मिनलचे जर्मन आकडे बॉशच्या रिलेवर आणि त्या धर्तीच्या इतर रिलेवरही असतात: ३० बॅटरीकडून येणारा प्लस, ८५-८६ कॉइल, ८७ रिले ओढल्यावर मिळणारा सप्लाय, ८७ए न ओढता मिळणारा, इग्निशन १५, अर्थ ३१, स्टार्टर ५०. हा तक्ता शेवटच्या पानावर द्या.

तारजुळणी

खूप उपयोग झाला. दोन शंका. इमगबर्नचं व्हेरिफाय (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं) पास होऊनही डिस्क दुसरीकडे का चालत नाही? आणि कंपनीच्या मॅन्युअलची पानं ऑनलाइन टाकली तर चालतील का?

चकती_तपासनीस

ज्या रायटरने लिहिली तोच वाचतोय, त्यामुळे व्हेरिफायवरून एवढंच कळतं की त्याला वाचता आली. दुसऱ्या संगणकात व्हेरिफाय करा आणि वेगाचा आलेख बघा. रेघ सावकाश चढत गेली पाहिजे. शेवटी खड्डे पडत असतील तर त्या चकत्यांचा गठ्ठा आणि तुमचा रायटर यांचं जमत नाही. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका. इमगबर्नमध्ये उजवीकडे मीडिया आयडी दिसतो, खरा कारखाना तो. एकाच नावाच्या दोन पाकिटांत दोन वेगळे आयडी निघतात. जो चालला तो टिपून ठेवा.

प्लेअरवर संशय असेल तर छापील डीव्हीडी लावा. ऑडिओ सीडी चालते पण छापील डीव्हीडीही चालत नाही, तर दोष डिस्कचा नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. एक शाबूत असून दुसरा गेलेला असू शकतो. आधी लेन्स साफ करून बघा.

रिले_८७

मॅन्युअलची पानं कंपनीच्या मालकीची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, पण तेवढ्यावरून तेच पान सगळ्या जगासाठी खुलं ठेवता येतं असं धरू नका. वर्गात पान वापरा. ऑनलाइनसाठी गाडीचा हार्नेस (तारांचा जुडगा) समोर ठेवून, मल्टिमीटरने कपलर ते कपलर सलगता तपासत स्वतःची डायग्राम काढा. क्यूइलेक्ट्रोटेक हे डायग्राम काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात रिले-फ्यूजची चिन्हं तयार मिळतात. तारेचा रंग गाडीत दिसतो तसाच लिहा, फ्यूजचा अँपिअर बॉक्सच्या झाकणावरून घ्या आणि कोपऱ्यात 'तपासली' म्हणून तारीख टाका. पुढे कोणी दुरुस्ती सुचवली तर जुनी फाइल काढून नवी ठेवा, दोन्ही फिरत राहू देऊ नका.

आणि जॉबकार्डावरचा गाडी नंबर, चेसिस नंबर किंवा गिऱ्हाइकाचा फोन स्कॅनमध्ये आला असेल तर टाकण्याआधी तेवढी जागा कापा. पीडीएफमध्ये नुसती काळी चौकट ओढली तर खालचा मजकूर तसाच राहतो.