उसाच्या चरकाचे गिअर: ४ आणि ४ मिळून ८ की १६?

बेळगावात खानापूर रोडला आमचा रसाचा गाडा आहे. बेल्टनंतरचा शाफ्ट मिनिटाला ४८० फेरे घेतो. त्यावरचं १५ दात्यांचं चाक ६० दात्यांच्या चाकाला फिरवतं. ६० च्याच शाफ्टवर १४ दात्यांचं, ते रोलरच्या ५६ दात्यांच्या चाकाला. दोन्ही जोड्यांत वेग ४-४ पट कमी होतो. मी ४ अधिक ४, ८ पट धरले, म्हणजे रोलरचे ६० फेरे. रोलरला चुन्याची खूण करून मोजले तर ३०च की वो!

— गुणाकार करा, वेग १६ पट कमी. टॉर्कपण (फिरवायचा जोर) तेवढाच वाढतो, घर्षणात जाईल ते वजा.

— एका जोडीच्या दोन चाकांमधे २२ दात्यांचं सुट्टं चाक घातलं तर?

— उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर आहे मी. त्यानं फक्त रोलरची दिशा उलटते, पट तीच. ऊस बाहेर फेकंल बघा!