मदत हवी आहे: ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी (’ हे चिन्ह) केव्हा द्यावी आणि केव्हा देऊ नये?

नमस्कार. मला कामानिमित्त इंग्रजीत अहवाल लिहावे लागतात. मागच्या आठवड्यात माझा मसुदा तपासून परत आला, तेव्हा ‘इट्स’मधील टी आणि एस यांच्यामधली अपॉस्ट्रॉफी चार ठिकाणी लाल शाईने खोडलेली होती आणि पाचव्या ठिकाणी मात्र तशीच ठेवलेली होती. मराठीत ‘घराचे’ आणि ‘त्याचे’ या दोन्हींना एकच प्रत्यय लागतो; मग इंग्रजीत नामाला अपॉस्ट्रॉफी लागते आणि ‘इट’ला लागत नाही, असे का?

दुसरी अडचण एसने संपणाऱ्या विशेषनामांची आहे. लंडनमधील सेंट जेम्सेस पार्क या उद्यानाच्या नावात अपॉस्ट्रॉफीनंतर आणखी एक एस आहे, तर न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क या फुटबॉल मैदानाच्या नावात नुसतीच अपॉस्ट्रॉफी आहे. यांपैकी बरोबर काय मानावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण अठराव्या शतकातील इंग्रजी छपाईत मालकीदर्शक ‘इट्स’लाही अपॉस्ट्रॉफी दिलेली आढळते. आज मात्र हिज, हर्स, अवर्स, देअर्स या मालकीदर्शक सर्वनामांप्रमाणेच ‘इट्स’ही तिच्याविना लिहितात. हे चिन्ह मुळात गाळलेल्या अक्षराची खूण आहे. नामांपुढील अपॉस्ट्रॉफी-एससुद्धा जुन्या इंग्रजीतील ‘ईएस’ या षष्ठीच्या प्रत्ययातून, त्यातला ई गळून आला आहे; ‘इट इज’चे किंवा ‘इट हॅज’चे ‘इट्स’ होतानाही अक्षरे गळतात, मालकीदर्शक ‘इट्स’मध्ये मात्र काही गळालेले नाही. म्हणून शंका आली की त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य मोठ्याने वाचावे. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी द्यावी, न लागला तर देऊ नये. आपल्या मसुद्यातील पाचवे ठिकाण बहुधा ‘इट इज’चे असावे.

विशेषनामांच्या बाबतीत दोन्ही पद्धती मान्य आहेत. स्थळांची आणि संस्थांची नावे ती ती मंडळी लिहितात तशीच लिहावीत, आणि इतरत्र जो उच्चार आपण करतो तो लेखनात उतरवावा. मी स्वतः ‘जेम्सेस’ असे म्हणतो, म्हणून जादा एस लिहितो. एकाच अहवालात दोन पद्धती मिसळणे मात्र मला मुळीच पटत नाही.

अनेकवचनी नामांसाठी आधी अनेकवचन पूर्ण लिहावे. ते ‘टीचर्स’प्रमाणे एसने संपत असेल तर पुढे केवळ अपॉस्ट्रॉफी पुरते, ‘चिल्ड्रन’प्रमाणे एसशिवाय संपत असेल तर अपॉस्ट्रॉफी-एस लागतो. मालकीचा संबंध नसलेल्या साध्या अनेकवचनाला ती देऊच नये.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मसुदा पुन्हा काढून पाहिला. पाचव्या ठिकाणी खरोखरच ‘इट हॅज बीन’ असा अर्थ होता, आणि खोडलेल्या चारही ठिकाणी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालताच वाक्य मोडत होते.