ऐतिहासिक म्हणायचं आणि हरिकेनवर केळीचा घड काढायचा?

तापीकाठ:
गेल्या आठवड्यात रावेरी बंडू यांनी आयएल-टू १९४६ या विमानांच्या कॉम्प्युटर गेमसाठी हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची स्किन, म्हणजे वरचं रंगकाम, टाकली. नाव दिलंय ‘ऐतिहासिक: क्रमांक १ स्क्वाड्रन, इंफाळ १९४४’. खाली बदामांचा पाऊस. सविस्तर लिहितोय, कारण मी दोन ओळींत लिहिलं की लोक म्हणतात, या नानांना जळजळ होते.

नाकावर एक्झॉस्टच्या खाली पिवळाधम्मक केळीचा घड. शेजारी ‘ये, दखाडस तुले’. शेपटीकडे ‘आरआयएएफ’, म्हणजे रॉयल इंडियन एअर फोर्स. हवाई दलाच्या चिन्हाच्या गोलात लाल ठिपका. पंखांवर पांढरे पट्टे.

घड बाजूला ठेवू. आपल्या हवाई दलाला ‘रॉयल’ बिरुद मिळालं मार्च १९४५ मध्ये. इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग जी स्क्वाड्रन घेऊन उडत होते ती नुसती इंडियन एअर फोर्सची. ब्रह्मदेश आघाडीवर गोलातला लाल तर मुद्दाम काढून टाकला होता. जपान्यांच्या हायाबुसा लढाऊ विमानावर लाल गोळा असायचा, घाईत आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून. उरला गडद निळा आणि आत फिका निळा. ते पांढरे ओळखपट्टे १९४५ मधले. म्हणजे एकाच विमानावर तीन वेगवेगळी सालं.

आणि ज्याने माझं डोकं खरं फिरलं ते मागचं धड. तिथे रिव्हेटांच्या रांगा, आणि रंग उडून खाली चकचकीत अॅल्युमिनियम! अहो, हरिकेनचं मागचं धड म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड आणि ते ताठ करणारा लेप, डोप. कापडाला रिव्हेट कोण मारतो? कापड खरवडलं तर आत चांदी निघते का? नाकाला पत्रा आहे, त्या काळच्या पंखांनाही आहे. तिथे उडवा हवा तेवढा रंग.

गंमत करायला माझी ना नाही. वांग्याचं भरीत काढा, शेवभाजी काढा. पण वर ‘ऐतिहासिक’ लिहू नका. माझ्या भाच्याने हेच चित्र ८ ऑक्टोबरला ‘वायुसेना दिनाच्या शुभेच्छा, दुर्मिळ फोटो’ म्हणून मलाच पाठवलं.

रावेरी बंडू:
नाना, भाच्याला आवरा, माझ्यावर का घसरता? दुर्मिळ फोटो मी म्हटलं होतं का?

रिव्हेट माझे नाहीत. टेम्प्लेट ज्याचं होतं त्याने पॅनेलच्या रेषा आणि रिव्हेट एकाच थरात चिकटवून ठेवलेत. ते काढायचे म्हणजे अख्खं धड नव्याने रंगवा. आणि हा गेम मागतो काय? १०२४ बाय १०२४ चं बीएमपी, २५६ रंग. तेवढ्यात हिरवा, तपकिरी, पोटाचा करडा, धुराचे डाग आणि तुमचा तो फिका निळा बसवून दाखवा. सेव्ह करताना फिका निळा करडा होऊन येतो. नाकावरची अक्षरं इतकी बारीक की ‘दखाडस’मधला ‘ख’ फुटून ‘रव’ दिसत होता. एकेक ठिपका हाताने बसवलाय. त्याबद्दल एक शब्द नाही.

आता इतिहास. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिती विमानं घेऊन ही स्क्वाड्रन सुरू झाली, तेव्हाही वैमानिकांपेक्षा हवाई शिपाई जास्त होते. त्या शिपायांची नावं कुणाला पाठ आहेत? इंफाळात इंजिनाखाली ग्रीस खात बसलेला एखादा आमच्याकडचा नसेलच, हे तुम्ही छातीठोक सांगू शकता? त्याने खडूने घड काढलाच नसेल?

तापीकाठ:
‘नसेलच असं नाही’ याला इतिहास म्हणत नाहीत. या हिशेबाने मी इंफाळात मेहरूणची बोरंही उतरवू शकतो.

धुळे बायपास:
मी बंडूच्या बाजूने. माझे वडील हायवेला ट्रक रंगवायचे. मालक यायचा, म्हणायचा मागे मोर पाहिजे. वडील विचारायचे, मोर कसा? मालक म्हणायचा, माझ्या बायकोला आवडेल असा. त्या मोराला कुणी पक्षीतज्ज्ञ तपासायला आला नाही. अमेरिकन लोकांनी बॉम्बरच्या नाकावर बाया काढल्या, कार्टून काढले, ते आज म्युझियममध्ये आहेत. त्यांचं ते वैभव आणि आमची केळी म्हणजे विटंबना?

तापीकाठ:
अमेरिकनांनी ते १९४४ मध्ये काढलं. बंडूने यंदा काढलं. एवढाच फरक आहे, पण तोच मुद्दा आहे.

निगेटिव्ह:
रंगांवर इतक्या खात्रीने बोलू नका, दोघेही. आमचा अमळनेरला फोटो स्टुडिओ होता. आजीच्या लग्नातला फोटो घरात आहे, शालू काळाकुट्ट. आजी मरेपर्यंत सांगायची, लालभडक होता रे. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही, तो काळा येतो. पिवळाही गडद येतो, निळा मात्र उजळतो. लढाईच्या आधीच्या ब्रिटिश विमानांचे फोटो पाहा, गोलाच्या बाहेरचं पिवळं कडं काही फोटोंत जवळजवळ काळं दिसतं. फोटो कुठल्या फिल्मवर आहे हे माहीत नसताना त्यावरून छटा ठरवणारे सगळे तज्ज्ञ मला त्या शालूची आठवण करून देतात.

रावेरी बंडू:
बघा! म्हणजे खरा रंग कुणालाच ठाऊक नाही. मग केळी का नको?

निगेटिव्ह:
अरे बाबा, मी छटेबद्दल बोललो. निळा किती निळा हे कळत नाही. लाल ठिपका काढला होता हे फोटोवरून ठरलेलं नाही, तसे लेखी हुकूम होते. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस.

चाळीसगाव एक्स्प्रेस:
तुम्ही रंगावर भांडा. इकडे सर्व्हरवर लोक हरिकेनला रॉकेट करून येतात. हरिकेन टूचं मर्लिन ट्वेंटी इंजिन १२८० अश्वशक्तीचं. परवा एक जण माझ्या डोक्यावरून असा वर गेला की जेटला लाजवेल, आणि वर हायाबुसाशी वळणात जिंकला! हायाबुसाशी वळणात हरिकेन? त्या वैमानिकांना पढवलेलंच असायचं, वळू नका, सूर मारून निघून जा. चॅटमध्ये विचारलं तर म्हणतो ‘रिअॅलिझम मॉड आहे’. याच्यावर कुणी धागा काढत नाही. स्किन बिचारी कुणाला गोळी मारत नाही.

कांदेबाग:
मला विमानातलं काही कळत नाही, मुलगा खेळतो. पण घड मोठा करून पाहिला. ही केळी सरळसोट, लांब, फण्या भरगच्च. ही तर जी-नाईन जात! टिश्यू कल्चरची रोपं आपल्याकडे नव्वदच्या दशकात आली. १९४४ ला बागेत ती कुठली? ऐतिहासिक करायचं तर जुनी बसराई जात काढा. बुटकी, वाकडी, पिकली की सालीवर ठिपके.

तापीकाठ:
मी इतकी वर्षं इथे लिहितोय, इतका नेमका मुद्दा कुणी मांडला नव्हता.

सावदा लोडिंग:
बसराईची चव जी-नाईनला नाही. आमच्या लहानपणी सावद्याहून वॅगनी दिल्लीला जायच्या, गोण्यांतून वास यायचा. आताच्या केळीला वास आहे का? दिसायला हिरोईन, खायला कापूस.

कांदेबाग:
चव चाटायची का? बसराईची रास काय पडायची आणि जी-नाईनची काय पडते? एका घडाच्या वजनात फरक किती ते व्यापाऱ्याला विचारा. चवीचे पैसे कोण देतो?

सावदा लोडिंग:
पैसे जी-नाईनचे तरी कोण देतंय? बोर्डावर भाव एक, बागेत येऊन व्यापारी देतो दुसरा. वर कटती.

कांदेबाग:
ते सोडा, विम्याचं बोला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, घड सटकले. जूनच्या वादळात मृगबागेची अर्धी झाडं आडवी. अर्ज केला तर उत्तर, मंडळातल्या हवामान यंत्रावर वाऱ्याचा वेग तेवढा नोंदलेला नाही. यंत्र गावाबाहेर, दोन इमारतींच्या आडोशाला. वारा माझ्या बागेत आला, यंत्राला भेटायला गेला नाही, हा माझा गुन्हा.

धुळे बायपास:
आमच्याकडे कापसाचं हेच आहे. यंत्राला पाऊस दिसतो, आम्हाला दिसत नाही.

सावदा लोडिंग:
यंत्र आहे हे नशीब समजा. आमच्या मंडळातलं महिनाभर बंद होतं, आकडे शेजारच्या मंडळातले धरले. तिकडे सगळं शांत.

चाळीसगाव एक्स्प्रेस:
हा धागा हरिकेनचा आहे ना?

कांदेबाग:
घड हरिकेनवरच आहे. आणि बंडूभाऊ, काढायचाच तर पानांवर करपा पण दाखवा, तेवढं तरी ऐतिहासिक होईल. आत्ताच्या इतिहासात तरी.

रावेरी बंडू:
हसा. पण एक ऐका. नाना मोठे शुद्धतेचे पुजारी. गेल्या दिवाळीत यांनीच टेम्पेस्ट विमानाची स्किन टाकली होती, काश्मीर १९४७ म्हणून. आपल्याकडे होतं टेम्पेस्ट टू, गोल नाकाचं, सेंटॉरस इंजिनाचं. नानांनी रंगवलं टेम्पेस्ट फाइव्ह, हनुवटीखाली रेडिएटर लोंबणारं. इंजिनच दुसरं! माझी केळी डोळ्यांत खुपते आणि तुमचं अख्खं नाक चुकलेलं चालतं?

तापीकाठ:
त्या फाइलचं नाव वाच. ‘कल्पित: टेम्पेस्ट फाइव्ह, भारतीय चिन्हांत’. वाचून दाखवायला येऊ का? खाली लिहिलंय की गेममध्ये टू नाही, म्हणून फाइव्हवर भागवलं, नाकाकडे पाहू नका. मी जे सांगतोय ते मी केलंय. तू वर्णन न वाचता डाउनलोड केलंस, हा तुझा प्रश्न.

आणि एक. रावेरचा माणूस अहिराणीत कधीपासून धमक्या द्यायला लागला? तुमच्याकडे तर लेवा गणबोली.

रावेरी बंडू:
मामा अमळनेरचे. शिव्या मामाकडून शिकलो. आता घराचा उताराही मागा. माणसाने हौसेने काही केलं की तुमच्यासारखे चष्मा पुसत येतात. तुम्हाला विमान आवडत नाही, तुम्हाला चुका आवडतात. तुमच्याच भीतीने तिघांनी स्किन टाकणं बंद केलं, मला माहीत आहे कोण ते.

तापीकाठ:
तिघांपैकी एकाने दुसऱ्याची स्किन नाव खोडून स्वतःच्या नावाने टाकली होती, म्हणून बंद केलं. उगाच हुतात्मे बनवू नकोस.

निगेटिव्ह:
इथे दोघांनी थोडं पाणी प्या. बंडू, नाना म्हणतात तो एक शब्द बदलला तर तुझं काय जातं? नाना, त्या पोराने २५६ रंगांत देवनागरी वाचता येईल अशी बसवली. मी झूम करून पाहिलं, वेलांट्या शाबूत आहेत. हे तुम्हालाही जमलेलं नाही, तुमच्या टेम्पेस्टवरचं मराठी मला आजवर लागलेलं नाही.

तापीकाठ:
अक्षर चांगलं आहे. कधी नाही म्हटलं?

धुळे बायपास:
कधी हो म्हटलं?

रावेरी बंडू:
ठीक. महाराजांच्या आज्ञेनुसार फाइलचं नाव ‘कल्पित’. ‘आरआयएएफ’ पुसलं. लाल ठिपका गेला, फिका निळा घातला, तो करडा दिसला तर गेमला विचारा. मागच्या धडावरचे रिव्हेट आज रात्री काढतो, लाइट राहिली तर. कापडाखाली नळ्यांच्या फुगीर रेषा काढू का? की त्यावरही धागा येईल?

घड राहणार. पांढरे पट्टेपण राहणार. नाव कल्पित आहे आता, मग मला १९४५ मधलेही चालतात.

तापीकाठ:
फुगीर रेषा नळ्यांच्या नाहीत, लाकडी पट्ट्यांच्या दिसतात, लांबीच्या दिशेने. काढल्यास तर हलक्या काढ. पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांचं तुझं तू बघ. आणि उडवण्याआधी गेममधली चिन्हं बंद करायला सांग लोकांना, नाहीतर तुझ्या गोलावर गेमचा गोल बसतो आणि मग लाल ठिपका पुन्हा हजर.

रावेरी बंडू:
ते वर्णनात आधीच लिहिलंय. वाचून दाखवायला येऊ का?

कांदेबाग:
मुलगा विचारतोय, बसराईचा फोटो पाहिजे का? आमच्या परसात एक खुंट अजून आहे.

रावेरी बंडू:
पाठवा दादा. पण घड पूर्ण भरलेला पाहिजे. आणि उन्हात काढा, सावलीत पिवळा येत नाही.

सावदा लोडिंग:
परसातली बसराई नसेल ती. पान दाखवा आधी.

चाळीसगाव एक्स्प्रेस:
कुणाकडे गोल नाकाच्या टेम्पेस्टचं मॉडेल आहे का? एका रशियन मुलाने केलंय म्हणे, पण त्याचा दुवा मेला आहे. आणि इंजिनाची ताकद न वाढवलेलं पाहिजे, हे आधीच सांगतो.