पैसे घेऊन तेलाबद्दल सांगायचं का? कोणत्या अटी घालाव्यात?

निशिगंधा:
माझं पाककृतींचं यूट्यूब चॅनल आहे. बघणाऱ्या बहुतेक जणी सांगली, मिरज, कराड, जत भागातल्या. "ताई, तेल कुठलं वापरता?" हा प्रश्न दर व्हिडिओखाली असतोच, आणि मी नाव घेतलं की ते त्यांच्या पुढच्या किराण्याच्या यादीत जातं. आता एका तेल कंपनीच्या एजन्सीने विचारलंय. एका व्हिडिओचे १५,००० रुपये आणि पाच लिटरचे दोन कॅन. त्यांचं म्हणणं असं: 'जाहिरात' हा शब्द कुठेही नको, "मी घरी हेच वापरते" असं सांगायचं, आणि "हृदयासाठी उत्तम" हे वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. माझ्या घरी घाण्यावरचं शेंगदाणा तेल असतं. पैशांची गरज आहे, गॅस-सामान सगळं घरखर्चातूनच जातं. सरळ नाही म्हणू, की अटी बदलून घेऊ? अशी कामं केलेल्यांनी कृपया सांगा.

चारुदत्त_पुणे:
पैसे घेण्यात वावगं काही नाही. घेतलेत हे लपवण्यात आहे, आणि आता ते कायद्यातही बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीबरोबर शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय वर्षभरापर्यंत जाहिराती करायला बंदीही येऊ शकते. दावा खरा आहे ना, याची आधी नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तरच सुटका. "हृदयासाठी उत्तम"ची खातरजमा तुम्ही कशी करणार?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने काढलेल्या सूचनांप्रमाणे फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम हेही जाहीर करावं लागतं. म्हणजे पैसे नाकारून नुसते कॅन ठेवले तरी सांगावं लागेलच.

मधुमालती:
ताई, मी मसाले आणि भांड्यांची अशी कामं घेते. माझ्या अटी पहिल्याच मेलमध्ये लिहून पाठवते. वस्तू महिनाभर माझ्या स्वयंपाकात वापरणार, मगच हो की नाही ते सांगणार. बोलणं माझं असेल. किंमत, वजन चुकलं तर कळवा, मत बदला म्हणू नका. न आवडलेलं काही असेल तर तेही बोलणार. निम्मे पैसे आधी. बऱ्याच एजन्सी इथेच गप्प होतात, होऊ द्यात.

आणखी एक, हे मी फार जपते. यूट्यूबवर 'पेड प्रमोशन'ची खूण करायची सोय आहे, ती करायचीच. पण आपल्या बायका व्हिडिओ बघत नाहीत, ऐकतात. फोन ओट्यावर डब्याला टेकवलेला, हात कणकेत. कोपऱ्यातली पट्टी त्यांना दिसतच नाही. म्हणून सुरुवातीलाच तोंडाने सांगते, "या व्हिडिओसाठी मला या कंपनीने पैसे दिलेत." वस्तू हातात घेतली की परत एकदा. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे नियमही असेच आहेत: दोन मिनिटांहून मोठा व्हिडिओ असेल तर वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत खूण दिसत राहिली पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही.

जुना_उपसंपादक:
२००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत शब्दशः सारखे लेख बातमी म्हणून छापून आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून ते उजेडात आणलं, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवालही काढला. वाचकाने बातमीसाठी पैसे मोजले आणि त्याच्या हातात जाहिरात ठेवली गेली, हा खरा अन्याय होता.

पण निशिगंधाताई, 'जाहिरात' लिहिलं की सगळं माफ, असंही समजू नका. "मी घरी हेच वापरते" हे खोटं आहे. वर मोठ्या अक्षरात 'जाहिरात' लिहिलंत तरी ते खोटंच राहतं. ती अट कितीही पैशांना घेऊ नका.

रुईफूल:
मी बघणारी. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा घरातलं तेल मी असाच एक व्हिडिओ बघून बदललं होतं, डॉक्टरांना न विचारता. त्या बाईंनी पैसे घेतले होते की नाही, मला आजही माहीत नाही. सांगितलं असतं तर मी निदान डॉक्टरांना फोन केला असता. तुम्ही मसाल्याची, कुकरची जाहिरात करा, आम्ही आनंदाने बघू. हृदयाचं काही बोलू नका.

निशिगंधा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मधुमालतीताईंच्या अटी घालून मेल केला. हृदयाचं वाक्य काढायला ते तयार झाले, 'जाहिरात' म्हणायला नाही. "बाकीच्या कुणी म्हणत नाहीत" असं उत्तर आलं. मी 'नाही' म्हणून कळवलंय. आता अडचण अशी की कॅन त्यांनी न विचारताच पाठवून दिलेत. परत पाठवायचा खर्च कुणी करायचा?

मधुमालती:
त्यांनीच. सील फोडू नका. मेलवर पिकअप पाठवा म्हणून लिहा आणि नेल्याची पावती ठेवा. पुढे मोठ्या वस्तू येतील तेव्हा हेही लक्षात असू द्या: जुलै २०२२ पासून वर्षात २०,००० रुपयांवरच्या भेटवस्तूंवर कंपनीला १० टक्के टीडीएस (आधीच कापायचा आयकर) भरावा लागतो. वस्तू परत गेली तर तो प्रश्न येत नाही.