मात्रा वीसच्या वीस भरतात, तरी गझल अडखळते. कुठे चुकतंय?

प्रश्न (पहिलीओळ)

भुजंगप्रयात वृत्तात गझल लिहायला घेतली आहे. आतापर्यंत एवढं झालंय:

नदीच्या किनारी उभा गाव होता
तिथे सावलीचा जुना ठाव होता

तुझा शब्द मजला पुन्हा आठवेना
मनी फक्त त्याचा जुना घाव होता

दिवे लागले अन् सभा पांगली ती
तिथे एकटा तो उभा देव होता

प्रत्येक ओळीच्या मात्रा मोजल्या, वीस येतात. तरी मोठ्याने म्हणताना तिसरी ओळ मध्येच घसरते. "पुन्हा"मधला "पु" गुरू धरायचा का? पुढच्या शेरांसाठी (दोन ओळींच्या जोड्यांसाठी) नाव, हाव, स्वभाव, जमाव हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, काढून ठेवलेत. ते चालतील ना?

उत्तर १ (लगावली)

मात्रा बरोबर आहेत, पण भुजंगप्रयात हे अक्षरगणवृत्त आहे. त्यात नुसती बेरीज जुळून भागत नाही, प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते. चार वेळा य गण, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघू, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा). अक्षरं बारा. तुमची तिसरी ओळ अक्षरं सुटी करून लिहून बघा:

तु झा श | ब्द म ज ला | पु न्हा आ | ठ वे ना
ल गा गा | ल ल ल गा | ल गा गा | ल गा गा

तेरा अक्षरं झाली. दुसऱ्या गणात एका गुरूच्या जागी "मज" हे दोन लघू येऊन बसलेत. बोलताना आपण "मज्‌ला" म्हणतो, म्हणून कानाला तो एकच ठोका वाटतो. उर्दूत हीच चाल (फऊलुन चार वेळा) उच्चारावर मोजतात, तिथे हे सहज खपतं. मराठीतही मात्रावृत्तात एका गुरूऐवजी दोन लघू चालतात. अक्षरगणवृत्तात मात्र मराठी "अ" अर्धवट उच्चारला तरी पूर्ण लघू धरतात. तुमच्या रदीफेआधीचा, म्हणजे शेवटी तसाच येणाऱ्या "होता"आधीचा "व" बघा: आपण "गाव्‌ होता" म्हणतो, पण "व" दहाव्या जागेचा लघू म्हणून मोजला जातो, आणि तो तसा मोजला म्हणूनच ओळ बसते.

"पुन्हा"चा "पु" लघूच. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ते त्यावर आघात पडतो म्हणून. "शब्द"मधल्या "श"वर पडतो, "पुन्हा", "तुझ्या", "उभ्या"मध्ये पहिल्या अक्षरावर पडत नाही. "फक्त त्याचा"मध्येही "क्त" लघूच ठेवलात ते योग्य. पुढचा शब्द जोडाक्षराने सुरू होतो म्हणून संस्कृतात ते अक्षर गुरू झालं असतं, मराठीत शब्दांमध्ये आपण थांबतो. "अन्" गुरू आहे, कारण न्‌चा पाय मोडलेला आहे आणि त्याचा भार "अ"वर येतो.

पडताळणीचा सोपा उपाय: मनाच्या श्लोकांच्या चालीवर ओळ म्हणायची. ते सगळे याच वृत्तात आहेत. "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे"च्या मागोमाग तुमची ओळ म्हणा, "मजला"वर जीभ अडखळेलच. त्या जागी "आता" ठेवलंत की ओळ वृत्तात बसते.

उत्तर २ (अलामत)

वृत्ताचं वर आलंच आहे. खरी मोठी चूक तिसऱ्या शेरात आहे.

मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, "गाव" आणि "ठाव" घेतलेत. "होता" ही रदीफ. काफियात "व" कायम, आणि त्याच्या आधीचा "आ" हा स्वरही कायम झाला. तो स्वर म्हणजे अलामत. "देव"मध्ये "व" आहे, पण आधी "ए" आहे. अलामत मोडली, म्हणून तो शेर या गझलेत बसत नाही. शेवटचं अक्षर जुळलं म्हणजे यमक झालं असं वाटून ही चूक होते. मतल्यात जे जे सारखं ठेवाल ते पुढच्या प्रत्येक शेराला बांधील असतं, त्यामुळे मतला लिहितानाच पुढचे आठ-दहा काफिये कागदावर मांडून बघावेत.

आता तुमची यादी. "नाव" नपुंसकलिंगी, म्हणजे "नाव होते". "हाव" स्त्रीलिंगी, म्हणजे "हाव होती". दोन्ही गेले. "गाव" पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्ही चालतो म्हणून मतला वाचला. "स्वभाव" आणि "जमाव" पुल्लिंगी आहेत, पण ते वृत्तात बसत नाहीत. रदीफेआधी आठवी आणि नववी जागा गुरू, दहावी लघू. "जमाव" ठेवला तर आठव्या जागी "ज" येतो, आणि तो लघू. "स्व"ही लघूच. ठराव, लिलाव, सराव, अभाव या सगळ्यांची हीच अडचण. तीन अक्षरी हवेत तर गागाल असे: वर्षाव, पाडाव, प्रस्ताव, सद्भाव. दोन अक्षरी भाव, डाव, राव आहेतच. पाच शेरांना एवढे पुरतात.

पहिलीओळ

लिंगाचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. पण देवाची प्रतिमा सोडवत नाही. मतला बदलून "गाव" आणि "देव" असे काफिये घेतले, तर अलामत मोकळी होईल का?

उत्तर २ (अलामत)

नाही. काफिया व्यंजनावर संपतो तेव्हा आधीचा स्वर जुळलाच पाहिजे, नाहीतर यमकच उरत नाही. तशी मोकळीक स्वरकाफियात, म्हणजे स्वरावर संपणाऱ्या काफियात मिळते: मतल्यात "आली" आणि "पाणी" घेतलंत तर फक्त "ई" सांभाळायची. तिथेही "गाणी" आणि "पाणी" घेतलंत तर स्वतःलाच "आणी"त कोंडून घ्याल.

उत्तर ३ (दुसरामिसरा)

देव सोडायची गरज नाही, त्याला काफियाच्या जागेवरून उठवा:

दिवे लागलेले, सभा पांगलेली
पुढे देव होता, मुका भाव होता

यात भरतीचेही दोन शब्द गेले. "पांगली ती" मधला "ती" आणि "एकटा तो" मधला "तो" केवळ जागा भरायला आले होते. भुजंगप्रयातात गण गुरूवर संपतो, तिथे ती, तो, ते, हा, ही फार पटकन शिरतात. ओळ झाली की तेवढे शब्द झाकून वाचायचे. अर्थ तसाच राहिला तर ती भरती.

दुसऱ्या शेरात काळ जुळत नाही. "आठवेना" आत्ताचं आहे आणि रदीफ "होता" म्हणतेय. "आता" घातल्यावर तर ते जास्तच उघडं पडतं. त्यापेक्षा:

तुझा शब्द गेला कधीचा विरूनी
मनी फक्त त्याचा जुना घाव होता

"विरूनी"चा "रू" वृत्तासाठी दीर्घ हवा. शुद्धलेखनाच्या नियमांतही कवीला ऱ्हस्व-दीर्घाची ही सूट आहे.

शिवाय "जुना ठाव" आणि "जुना घाव" लागोपाठ आलेत. काफियाला चिकटून तोच शब्द पुन्हा आला की तोही काफियाचाच भाग आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं. घावाला "जुना" शोभतो, तो तिथे राहू द्या. ठावासाठी लगा असा दुसरा शब्द बघा: "तिथे सावलीचा खरा ठाव होता".